एल्डनचा पिवळा तंगूस

तंगूस की विणलेला दोरा, यावरून मी आणि माझा भाऊ एल्डन तीस वर्षं भांडलो. लोक जमिनीवरून भांडतात, आईच्या दागिन्यांवरून भांडतात. आम्ही भांडलो ते हिवाळ्यात समुद्रातून नदीत येणारा स्टीलहेड मासा धरताना खोट्या माशाला कुठला दोरा बांधायचा, यावरून. हसा खुशाल. आमच्या स्कोकोल नदीकाठी याहून लहान गोष्टींवरून लोकांचे अबोले झालेत.

त्याचं म्हणणं, नायलॉनचा तंगूसच हवा, पंचवीस पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, आणि तोही पिवळाधमक. तंगूस जरा ताणतो. मासा रागाने येऊन खोट्या माशाला चावतो, तेव्हा त्याला काही कळायच्या आत गळ जबड्यात बसलेला असतो. विणलेला दोरा ताणत नाही. माशाने तोंड लावलं की त्याला लगेच हिसका बसतो आणि तो गळ थुंकून टाकतो. "संसारात आणि दोऱ्यात थोडी ढील द्यावी लागते, बर्नी," असं तो म्हणायचा. मी दोन नवरे सोडलेली बाई, त्यामुळे टोमणा कुणाला ते वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं, विणलेला दोरा बारीक असतो, पाण्यात खोल जातो, आणि खाली खोटा मासा कसा थरथरतोय ते गळाच्या काठीच्या टोकाला कळतं. साधं पान अडकलं तरी कळतं. वर तो वर्षानुवर्षं टिकतो. "तुझा तंगूस म्हणजे बहिऱ्याशी गप्पा," मी म्हणायचे.

"बहिरा निदान उलट बोलत नाही," तो म्हणायचा.

तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. जन्मभर जंगलात लाकूडतोडीचं काम केलं त्याने, आणि सुट्टीच्या दिवशी होडी. मी बावीस वर्षांची असताना त्यानेच मला वल्ह्यांवर बसवलं. पहिल्याच दिवशी मी होडी खडकावर घातली, तेव्हा तो ओरडला नाही, उतरून कमरेएवढ्या बर्फासारख्या पाण्यात उभा राहिला, होडी ढकलली आणि म्हणाला, "आता खडक कुठे आहे ते तुझ्या लक्षात राहील." ओरडणं हा माझा गुण. मी तोंडाची फटकळ आहे, आधीपासून. पुढे मी वल्ह्यांवरच पोट भरायला लागले. नोव्हेंबर ते मार्च शहरातली माणसं माझ्या होडीत पुढे बसतात, पावसात भिजतात, माझ्या शिव्या खातात आणि पुढच्या वर्षी परत येतात. मंगळवारी मात्र गिऱ्हाईक घ्यायचं नाही. मंगळवार एल्डनचा.

हा प्रकार कसा असतो ते थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पुढे दोन काठ्या, दोन खोबणींत उभ्या रोवलेल्या. दोरे होडीच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने, मोजून तीस-तीस हात सोडायचे. टोकाला बोटभर लांबीचे रंगीत खोटे मासे. मग वल्हवणारा प्रवाहाच्या उलट मारत राहतो, म्हणजे होडी पाण्यापेक्षा सावकाश खाली सरकते, आणि खोटे मासे डोहाच्या तळाशी थरथरत खऱ्या माशाच्या तोंडावर जाऊन उभे राहतात. तो मागे मागे सरकतो, सरकतो, आणि शेवटी चिडून चावतो. पुढे बसलेल्या माणसाने काहीच करायचं नसतं. काठी पार वाकून तिचं टोक पाण्याला टेकेपर्यंत हात लावायचा नाही. मग काठी उचलायची आणि माशाला पळू द्यायचं. काठीवरची दोरा गुंडाळलेली चक्री फिरत असताना तिच्यावर अंगठा दाबला की संपलं, दोरा तुटतो. आणि म्हणूनच आमच्याकडे मासा वल्हवणाऱ्याचा समजतात. काठी कुणाच्याही हातात असो, फोटो कुणाचाही निघो, धक्क्यावर विचारतात ते "आज बर्नीने किती धरले?" असंच. पुढच्याच्या हातून मासा सुटला तर तो वल्हवणाऱ्याची माफी मागतो. अशी रीतच आहे.

दोन वर्षांपूर्वी एल्डनच्या पोटात ते दुखणं निघालं. औषधांनी त्याचे केस गेले, ते परत आले. पण बोटांच्या टोकांची जाणीव गेली ती गेलीच. शर्टाची बटणं लुएला, माझी भावजय, लावून द्यायची. गरम कप हातात धरला तर पोळतंय हे त्याला बोटं लाल झाल्यावर दिसायचं, कळायचं नाही. जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, आता औषध नको, घरी जा, जे आवडतं ते करा.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "बर्नी, मला एक मासा पाहिजे."

"एवढंच ना? दहा धरू."

"दहा नकोत. एक. खरा, नदीतला. टाकीत वाढवून, पंख कापून सोडतात तसला नको. हातात धरायचा, गळ काढायचा आणि सोडून द्यायचा. मग मी गुमान पडून राहीन, लुएला म्हणेल तसं."

"तू आणि गुमान," मी म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

फेब्रुवारीभर नदी गढूळ होती, कॉफीसारखी. पाऊस थांबेना. मार्चच्या सुरुवातीला पाणी उतरलं आणि त्याला तो हिरवा रंग आला, जो बघितला की आमच्याकडची माणसं कामावर दांडी मारतात. मोसम महिनाअखेरीला बंद होणार. मी सोमवारी ओटिसच्या दुकानात गेले. ओटिस गळ, दोरे, रबरी बूट आणि शिळी कॉफी विकतो, आणि आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखतो.

"तो पिवळा तंगूस दे," मी म्हटलं. "एल्डनचा. पंचवीस पौंडी."

ओटिसने चष्मा वर केला. "तू? तंगूस? तब्येत बरी आहे ना?"

"फालतू बोलू नकोस. आहे का?"

"तो कारखाना बंद पडून आठ-नऊ वर्षं झाली, बाई. हा घे, बिनरंगी. उत्तम आहे. याच आठवड्यात आलाय."

बिनरंगी नको होता मला. मला काय हवं होतं ते सांगते. एल्डनने होडीत पाय ठेवावा, पुढे बघावं, आणि त्याच्या बाजूच्या काठीवर पिवळा तंगूस दिसावा. तीस वर्षांनी मी हार मानली, हे त्याला बोलून दाखवायला माझं तोंड उघडलं नसतं. तंगुसाने ते सांगावं अशी माझी इच्छा होती. मी ओटिसला हात हलवला आणि बाहेर पडले.

एल्डनच्या घरामागच्या शेडला कुलूप नसतं. तो आणि लुएला तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते. आत गेले तर खिडकीच्या फळीवर पिवळ्या तंगुसाचं रीळ उभं. अर्धं संपलेलं, तो विसरूनही गेला असेल इतकी धूळ बसलेलं, पण एका चक्रीपुरता दोरा होता. पिवळा रंग एका बाजूने थोडा फिकटलेला. ऊन तंगूस खातं, हे मला ठाऊक नाही का? दरवर्षी नवा भरा, खिडकीत ठेवू नका, असं मी गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडते. पण आमच्याकडे वर्षाचे दोनशे दिवस पाऊस, ऊन पडतंच कुठे, अशी मी स्वतःची समजूत घातली. वरचे चार हात तोडून हाताला गुंडाळून हलकेच ओढून पाहिले. टिकले. जरा कडक लागला, तर म्हटलं थंडी आहे. आणखी तोडून बघितला असता तर चक्रीला कमी पडला असता. म्हणून नाही बघितला. घरी येऊन चक्रीवर चढवला आणि खूश होऊन झोपले.

मंगळवारी सकाळी लुएलाने त्याला धक्क्यावर आणून सोडलं. तीन स्वेटर, वरून रेनकोट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि त्या सगळ्यांच्या आत माझा भाऊ कुठेतरी. तिने त्याला हाताला धरून होडीत बसवलं आणि मला म्हणाली, "दुपारपर्यंत परत आण. आणि त्याच्यावर ओरडू नकोस."

"मी कशाला ओरडू?" मी म्हटलं.

एल्डन वळून पुढे बसला. बराच वेळ त्या काठीकडे बघत राहिला.

"बर्नी. हा पिवळा कुठून पैदा केलास?"

"ओटिसकडे एक शेवटचं रीळ पडलं होतं," मी म्हटलं. "कोणी घेत नव्हतं, म्हणून दिलं त्याने."

खोटं माझ्या तोंडून असं सहज गेलं. शेडमधून आणला म्हटलं असतं तर त्यात मी त्याच्यासाठी काय केलं? त्याचंच त्याला दिलं. मला त्याच्यासाठी विकत आणायचा होता.

"तू दुकानात जाऊन तंगूस मागितलास," तो म्हणाला. "लोकांदेखत."

"हो. बस झालं आता."

"ओटिस काय म्हणाला?"

"तब्येत बरी आहे का म्हणाला."

तो इतका हसला की खोकला लागला. मी वल्ही सोडून त्याच्या पाठीवर हात फिरवला. डोळे पुसून तो म्हणाला, "मला वाटलं होतं हे बघायच्या आधी मी मरेन."

"मर की मग."

"आता नाही. आता मासा धरतो."

पहिले दोन तास काही नाही. त्याच्या काठीवर त्याचा पिवळा, माझ्या बाजूला माझा विणलेला. जाड तंगूस पाण्यात जरा वर राहतो, म्हणून त्याचा दोरा मी पाच हात जास्त सोडला होता. मी सावकाश वल्हवत होते. त्या दिवशी मी जन्मात वल्हवलं नसेल इतकं चांगलं वल्हवलं, हे मी स्वतःच सांगते, कारण सांगणारा दुसरा कोणी उरला नाही. काठावरच्या झाडांवरून शेवाळं लोंबत होतं, पाऊस बारीक पडत होता. आम्ही हरणाच्या मांसाची सँडविचेस खाल्ली. म्हणजे मी खाल्लं, त्याने पावाचा तुकडा कुरतडला. मग आम्ही शेगडीच्या डोहात आलो. कोणे एके काळी कुणाची तरी लोखंडी शेगडी होडीतून तिथे बुडाली, तेव्हापासूनचं नाव.

डोहाच्या शेपटीला, पाणी जिथे उथळ व्हायला लागतं तिथे, पिवळ्या दोऱ्याची काठी एकदा झुकली. मग दोनदा. मी वल्ही जोरात मारून होडी जागच्या जागी धरली.

"हात लावू नकोस," मी हळूच म्हटलं.

"लावत नाही गं."

"थांब. चावू दे. थांब."

आणि काठी गेली. टोक पाण्यात बुडालं, चक्री किंचाळली. "उचल!" मी ओरडले. त्याने काठी खोबणीतून उपसली, दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि चाळीस हातांवर मासा हवेत उडाला. अख्खा. चांदीसारखा, नुकता समुद्रातून आलेला, माझ्या हातापेक्षा लांब. एल्डनने तोंडातून एक आवाज काढला, लहान पोर काढतं तसा. मासा पडला, प्रवाहाबरोबर खाली पळाला, चक्री फिरत होती, पिवळा दोरा ताठ पाणी कापत चालला होता, आणि मग टप्प. एवढाच आवाज. काठी सरळ झाली. दोरा वाऱ्यावर उडाला.

मी काय केलं? लुएलाने सकाळीच काय सांगितलं होतं, आणि मी काय केलं?

"अंगठा!" मी किंचाळले. "अंगठा दाबलास तू! चक्री अडवलीस! चाळीस वर्षं झाली तरी तुला कळत नाही, पळू द्यायचं म्हणून? पळू द्यायचं!"

एरवी एल्डनने मला होडीबाहेर फेकलं असतं. तसंच चालायचं आमचं. मी ओरडायचे, तो दुप्पट सुनवायचा. त्या दिवशी त्याने काठी मांडीवर ठेवली आणि उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा बघत होता.

"दाबला असेल," तो म्हणाला. "मला कळत नाही, बर्नी. यातलं काहीच कळत नाही आता."

"अरे नाही," मी म्हटलं, "मी आपलं... तोंडातून गेलं माझ्या. मासाच मोठा होता."

"नाही, तू पाठीमागून बघत होतीस, तुला दिसलं असणार." मग त्याने टोपी काढली आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "माफ कर. तुझा मासा घालवला मी."

मला काही दिसलं नव्हतं. माझे डोळे माशावर होते. हे मी तेव्हा सांगितलं नाही.

धक्क्यापर्यंत आम्ही आणखी तीन डोह केले, पण तो काठ्यांकडे बघत नव्हता. हात रेनकोटाच्या बाहीत ओढून बसला होता.

घरी येऊन मी ओल्या वस्तू पडवीत मांडल्या. त्याची काठी घेतली, तुटकं टोक हातात धरलं. जोराने ताणून तुटलेला तंगूस टोकाला वळलेला, ओढून बारीक झालेला असतो. हे टोक सपाट होतं. मी त्याच्या मागचे दोन हात घेतले आणि बोटांना गुंडाळून ओढले. शेवई तुटावी तसा तुटला. आणखी दोन हात. पुन्हा तुटला. पाचव्यांदा तर मी नीट ओढलासुद्धा नव्हता. रिळाची जी बाजू खिडकीकडे होती ती सगळी कुजलेली होती. त्या दोऱ्याला अंगठ्याची गरजच नव्हती. तो मासा जगातल्या कुणाच्याही हातून सुटला असता, देवाच्याही.

मी पडवीत बसले. मला तेव्हाच फोन करायला हवा होता. "एल्डन, तुझा हात शाबूत आहे, माझी अक्कल शाबूत नव्हती." एवढंच एक वाक्य. मी मनात तयारही केलं होतं.

संध्याकाळी फोन केला. "पुढच्या मंगळवारी," मी म्हटलं, "पाणी आणखी छान होईल बघ."

"नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी बसव पुढे. मोसम थोडा राहिलाय, तू तुझे मासे धर."

"अरे, एकदा सुटला म्हणून काय झालं?"

"मासा सुटला त्याचं काही नाही गं. माझ्या हातात काठी आहे आणि हातच माझा नाही, हे नको वाटतं. मला त्या होडीत तसं बसायचं नाही."

हीच वेळ होती. वाक्य जिभेवर होतं. आणि मी म्हटलं, "बघू. विचार कर." का? कारण स्कोकोलवर बर्नी म्हणजे जिच्या होडीत सामान कधी दगा देत नाही ती. कारण ओटिसकडून आणला म्हणून मी खोटं बोलले होते, आणि आता तेही सांगावं लागलं असतं. स्वतःला मी असं सांगितलं की त्याचा लाडका तंगूस कुजका निघाला हे ऐकून त्याला जास्तच वाईट वाटेल. ती पळवाट होती. खरं म्हणजे मला लाज वाटत होती, आणि मरायला टेकलेल्या भावापेक्षा मी ती लाज जपली.

पुढच्या सोमवारी ओटिसचा फोन आला.

"एल्डनने फोन केला होता," तो म्हणाला. "शेवटचं रीळ बर्नीला दिलंस, आभारी आहे म्हणाला. मी गप्प बसलो. बर्नी, कसलं रीळ?"

मी फोनची तार बोटाला गुंडाळायला लागले.

"त्याच्या शेडमधलं?"

"हो."

ओटिसने फोनमध्ये एक मोठा श्वास सोडला. "तो सगळ्यांना स्वतःच सांगतोय की अंगठा दाबला म्हणून. हसून सांगतोय. पण ते हसणं मला बरं नाही वाटलं. त्याला सांग."

"सांगणार आहे."

"कधी?"

"सांगणार आहे म्हटलं ना! तू तुझं दुकान बघ!" मी फोन आपटला.

तो मंगळवार गेला. मी एकटीच नदीवर गेले, काठ्या न लावता नुसतीच खाली वाहत आले. त्याच्या पुढच्या मंगळवारी एक दंतवैद्य आणि त्याचा मेहुणा फार मागे लागले म्हणून त्यांना घेऊन गेले. त्यांनी शेगडीच्या डोहात दोन मासे धरले. दंतवैद्याने विचारलं, "तुम्ही एवढ्या शांत कशा? लोक म्हणाले होते फार ओरडता." मी वल्ही मारत राहिले. त्या संध्याकाळी ठरवलं, आता बास. फोनवर नाही, तोंडावर सांगायचं. येत्या रविवारी जेवायला जाते, सगळं ओकून टाकते, मग तो मला वाट्टेल ते बोलू दे. पुढचा मंगळवार मोसमातला शेवटचा. नवीन तंगूस आणते, बिनरंगी तर बिनरंगी, आणि उचलून घालते त्याला होडीत.

शनिवारी दुपारी लुएलाचा फोन आला. सकाळपासून तो उठला नव्हता.

मी गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत दवाखान्याचा पलंग लावला होता, खिडकीशी. नर्स नुकतीच गुंगीचं औषध देऊन गेली होती. एल्डनचं तोंड थोडं उघडं होतं. श्वास यायचा, मग थांबायचा, मग परत यायचा. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याचा उजवा हात हातात घेतला. गरम होता. तो अंगठा माझ्या दोन्ही हातांत धरला.

"एल्डन," मी त्याच्या कानाशी म्हटलं, "तू अंगठा दाबला नव्हतास. ऐकतोयस का रे? दोरा कुजका होता. तुझ्याच शेडमधला, खिडकीतला. मी ओटिसकडून आणला नव्हता, मी खोटं बोलले. मी ओढून पाहिला नाही नीट. मासा माझ्यामुळे गेला. तू बरोबर धरली होतीस काठी. तू अगदी बरोबर धरली होतीस. शिवी दे मला. एल्डन, एक शिवी दे ना."

श्वास आला, थांबला, परत आला. त्याच्या हाताने काही केलं नाही.

मागे काहीतरी हललं. लुएला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओलं फडकं. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं.

ती येऊन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. त्याची उशी सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे तुला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळच्या आत."

तिने मान हलवली. बराच वेळ ती फडक्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

"तो बरा होता गं," ती म्हणाली. "त्यानंतरचे दोन्ही मंगळवार बरा होता. पोटात अन्न ठरलं. पहिल्या मंगळवारी सकाळी मी उठले तर तिन्ही स्वेटर घालून त्या खिडकीत बसलेला. म्हटलं, बर्नीला बोलावू का, पंधरा मिनिटांत येईल. नको म्हणाला. दुसऱ्या मंगळवारी पण तसाच बसला. दुपारपर्यंत. मग म्हणाला, काढ आता हे स्वेटर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलू शकले असते.

एल्डन सोमवारी सकाळी गेला, जागा न होता. नदी हिरवीगार होती आणि मोसमाचे अजून दोन दिवस बाकी होते.